न मागता न्यायचा गुलाब

हिरा ओव्हाळ या बाईंशी माझी ओळख झाली ती तक्रारीतून. पुण्यात बऱ्याच ओळखी अशाच होतात.

औंधला आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्या माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेत गणित शिकवायचो. लग्न केलं नाही. बुधवार पेठेतून जुनी पुस्तकं उचलून आणायची, एवढं एकच व्यसन मला आहे. जुन्या पुस्तकांना कसर लागते, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी ती गॅलरीत उन्हाला मांडतो. एका रविवारी अशीच मांडून चहा टाकायला आत गेलो आणि परत येतो तो वरून टपटप पाणी. एका प्रवासवर्णनाचा लगदा व्हायचाच बाकी होता. मी मान वर करून विचारलं, यंदा पाऊस जरा लवकर सुरू झाला आहे का. वरच्या कठड्यावरून एक बाई वाकल्या आणि रेडिओवर बातम्या सांगाव्यात तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पाऊस नाही, सोनटक्का आहे. त्याला पाणी जरा जास्त लागतं."

पाच मिनिटांनी त्या टॉवेल घेऊन खाली आल्या, पुस्तक टिपून घेतलं आणि वाळवून देते म्हणून सरळ वर घेऊन गेल्या. आठवड्याने परत आणलं. पानं थोडी फुगली होती, पण सगळी शाबूत होती, आणि मध्ये एक वाळकी गुलाबी पाकळी होती. पुस्तक माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या की तिसऱ्या प्रकरणानंतर या लेखकाला घरी परतायची घाई झालेली दिसते. मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा मलाही नेमकं तिथेच काहीतरी खटकलं होतं, पण काय ते शब्दांत सापडत नव्हतं. मी पुस्तक उलटंपालटं करून बघायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून एखादं भिजवायचं आहे का?"

त्यानंतर आमच्यात पुस्तकांची ये-जा सुरू झाली. पुस्तक वर जाताना कोरडं जायचं आणि येताना पाकळी घेऊन यायचं. त्या पाकळ्यांचा वास वर्षानुवर्षं टिकायचा. माझ्या कपाटातली निम्मी पुस्तकं आज उघडली तर नाकाला आधी गुलाब लागतो आणि मग मजकूर डोळ्यांना.

हिराताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यात रुजू झाल्या आणि मोबाइलने सगळ्यांना आपापलं बोलायला लावल्यावर निवृत्त झाल्या. उभी हयात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेल्यामुळे त्यांना स्वतःला फार बोलायची सवय नव्हती. बोलायच्या ते मोजकं आणि नेमकं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी विचारलं की आता वेळ कसा घालवणार, तेव्हा त्यांनी 'मजेत' एवढंच उत्तर दिलं आणि खाली बसल्या. साहेबांना वाटलं, पुढे काहीतरी असेल. पुढे काही नव्हतं.

मजा म्हणजे काय, ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी गच्चीवर जायचं, कठड्यावर छोटा रेडिओ ठेवायचा, सकाळचे राग ऐकत कुंड्यांना पाणी घालायचं. जुईला बासरी आवडते, कढीपत्ता बातम्यासुद्धा चालवून घेतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. दुपारी पुस्तक. संध्याकाळी पुन्हा गाणं. चार पैसे टाकून सवाई-बिवाईला जाणाऱ्यांबद्दल त्यांना आदर होता, पण वर्षातून एकदाच गाणं ऐकणारे लोक त्यांना पटायचे नाहीत. "गाणं म्हणजे काय श्रीखंड आहे," त्या म्हणायच्या, "की सणालाच करायचं?"

त्यांचे यजमान भीमराव खडकीच्या कारखान्यात मशीनवर होते. तेही निवृत्त. त्यांचं वेड कॅमेऱ्याचं. बुधवार पेठेतून त्यांनी एक जुना कॅमेरा आणि एक लांबलचक लेन्स पैदा केली होती, आणि हिराताईंच्या प्रत्येक झाडाच्या पहिल्या फुलाचा फोटो काढायचाच, असा त्यांचा नेम होता. माणूस अबोल. वारा सुटला की मात्र फुलांकडे बघून "हलू नका, हलू नका" असं अजिजीने म्हणायचे. घरात देवघराच्या जागी बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि आजूबाजूला भिंतभर फुलं. नव्या पाहुण्याला ते घर आहे की नर्सरीचं दुकान, हे समजायला जरा वेळ लागायचा.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ही बाई चोर होती.

फिरायला जाताना त्यांच्या पर्समध्ये एक छोटी कात्री आणि ओलं फडकं असायचं. कुणाच्या कुंपणाबाहेर आलेली मधुमालती, विद्यापीठाच्या आवारातला पांढरा चाफा, दवाखान्याच्या दारातली कोरांटी, असं करत करत त्यांनी गच्चीवर अर्धं पुणं गोळा केलं होतं. एकदा मंगल कार्यालयातल्या लग्नाहून परतताना माझ्यासमोर त्यांनी पिशवीतून लग्नात मिळालेला नारळ काढला आणि त्याच्या खालून अनंताच्या दोन काड्या. नवरीच्या बापाला याची कल्पना होती का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला आज तेवढीच काळजी राहिली होती का?"

चोरलेलं रोप जास्त जोमाने वाढतं, असं पुष्कळ लोक म्हणतात. हिराताईंचा त्यावर नुसता विश्वास नव्हता, त्यांचा तो कायदा होता. मागून आणलेलं झाड रुसतं, असं त्यांची आई म्हणायची. म्हणून त्या कुणाकडे फांदी मागत नसत आणि कुणाला देतही नसत. गच्चीवर येऊन कुणी एखाद्या झाडाचं कौतुक केलं की त्या आधी ठासून सांगायच्या, "नाही हं, मी फांदी देत नाही." मग जरा थांबून, "आलेच, गॅसवर दूध आहे, उतू जाईल," म्हणून जिना उतरून घरात जायच्या. खालून रेडिओचा आवाज एकदम मोठा व्हायचा. ज्याला कळायचं त्याला कळायचं. एक गाणं संपेपर्यंत मुदत. गाणं संपलं की त्या वर यायच्या, झाडाकडे चुकूनही बघायच्या नाहीत, आणि पाहुणा पिशवी सांभाळत निघून गेला की गच्चीच्या कठड्याशी उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडायच्या की कुणी मेल्याने माझी फांदी कापली. ही शिवी रागाची नसायची. शिवी लागली की काडीला मूळ फुटतं, हे त्या कायद्याचं शेवटचं कलम होतं.

मी मात्र त्यांच्या गुलाबाची फांदी रीतसर मागत असे. तीस वर्षं मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितलेला माणूस मी, दुसऱ्याच्या कुंडीला कात्री कशी लावणार? त्या नाही म्हणायच्या, दूध बघायला जायच्या, रेडिओ मोठा व्हायचा आणि मी हात मागे बांधून गाणं संपेपर्यंत उभा राहायचो. परत आल्यावर त्या आधी अखंड झाडाकडे आणि मग माझ्याकडे बघायच्या. कोरा पेपर देणाऱ्या मुलाकडे मी असाच बघायचो. असं दर वर्षी व्हायचं. सगळ्या गल्लीला गुलाब मिळाला आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत मीच एक नन्ना ऐकणारा, याचा मला मनातून रागही यायचा.

तो गुलाब दिसायला काही विशेष नव्हता. गुलकंदाचा गावठी गुलाब. भरगच्च पाकळ्या, फिका रंग, आणि फुलाचं वजन देठाला पेलत नाही म्हणून मान सदा खाली. पण हिराताईंच्या सगळ्या बागेत चोरीची खरी गोष्ट होती ती त्याचीच.

त्यांची आई वेणूबाई दापोडीला दोन खोल्यांत राहायची. दारात तुपाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात हा गुलाब होता. दर वैशाखी पौर्णिमेला त्याचं फूल वेणूबाई बुद्धापुढे ठेवायच्या. हिराताईंचं लग्न झालं, सासरी निघायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आईला म्हटलं की मला याची एक फांदी दे. आई नाही म्हणाली. भर मांडवात लेकीला नाही म्हणाली आणि आत जाऊन पाठमोरी बसून स्टोव्हला पंप मारायला लागली. स्टोव्हवर काहीही नव्हतं. नुसता भर्र आवाज. "मला कळायला वेळ लागला," हिराताईंनी मला एकदा सांगितलं होतं. "आई पंप मारतेय आणि रडतेय. मी शालूच्या निऱ्यांत फांदी खोचली आणि निघाले." वेणूबाई गेल्या, दापोडीचं घर गेलं, डबाही गेला. गुलाब तेवढा राहिला, आणि वैशाखी पौर्णिमेचं फूलही कधी चुकलं नाही.

या गुलाबाच्या चोरांमध्ये एक इसम असा होता की त्याने चोरी केली हे हिराताईंनाही माहीत नव्हतं. त्यांची मुलगी आम्रपाली शिकायला परदेशी निघाली तेव्हा पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार घरी आला होता. उंचापुरा, मिशाळ. शेजारी म्हणून सही द्यायला मीही वर गेलो होतो. कागदपत्रं बघताना त्याची नजर गॅलरीतल्या गुलाबावर गेली. तेव्हा तो गॅलरीत असायचा. हवालदार म्हणाला, झाड चांगलं आहे. सवयीने हिराताई म्हणाल्या की मी फांदी देत नाही, आणि चहाचं दूध बघायला आत गेल्या. सवयीनेच रेडिओचा कानही पिळला. मी तेवढ्यात सही करून खाली उतरलो. त्या कप घेऊन बाहेर आल्या तर हवालदार चहा न घेताच निघून गेला होता. आपण सरकारी माणसाला तोंडावर नाही म्हणालो, आता पोरीचा पासपोर्ट अडतो, या काळजीने त्या दोन आठवडे नीट जेवल्या नाहीत. पासपोर्ट वेळेत आला आणि ती गोष्ट सगळे विसरले.

मग गेल्या वर्षी चैत्रात गच्ची गळायला लागली. सोसायटीचा सेक्रेटरी विश्वजीत हिंजवडीला नोकरी करतो, माणूस भला, पण त्याला सगळं पुढच्या सोमवारच्या आत हवं असतं. त्याने वर येऊन सांगितलं की वॉटरप्रूफिंग करावं लागेल. "काकू, फक्त पंधरा दिवस. कुंड्या पार्किंगमध्ये शिफ्ट करू. झीरो डॅमेज, माझी गॅरंटी." हिराताईंनी हरकत घेतली नाही. गळती सगळ्यांचीच होती.

कामगारांनी कुंड्या सांभाळून उचलल्या. गुलाबाची कुंडी मात्र जागची हलेना. जोर लावला तेव्हा खालून कडकड आवाज झाला. वर्षानुवर्षांत त्याची मुळं कुंडीच्या भोकातून गच्चीच्या फटीत उतरली होती, आणि गळतीचं एक कारण तीच होती. ती सगळी तुटली. हिराताईंनी कुणालाच बोल लावला नाही. त्यांनी झाड छाटलं, सावलीत ठेवलं, पार्किंगमध्ये स्टूल टाकून रेडिओ घेऊन त्याच्याजवळ बसल्या. छाटलेल्या फांद्या ओळीने कुंड्यांत लावल्या. आठवडाभरात पानं गळली, मग खोड काळं पडलं. लावलेल्या फांद्यांपैकी एकीनेही मूळ धरलं नाही. वैशाखी पौर्णिमेला त्यांनी मंडईतला गुलाब आणून मूर्तीपुढे ठेवला. मी खीर खायला वर गेलो होतो. त्या म्हणाल्या, "याला वासच नाही हो, सर," आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

मी हिशेबी माणूस. मी विचार केला, एवढ्या जणांनी हा गुलाब नेला आहे, त्यातला एक तरी जिवंत असणारच. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वच्छ मराठीत लिहिलं की ज्यांनी ज्यांनी हिराताईंचा गुलाब न विचारता नेला असेल, त्यांनी कृपया त्याची एक फांदी परत द्यावी. ग्रुपवर शुकशुकाट झाला. मग कुणीतरी नमस्काराचे हात टाकले. कुणीतरी लिहिलं की आमच्यावर असे संस्कार नाहीत. विश्वजीतने लिहिलं, "सर, प्लीज, ॲलिगेशन्स ग्रुपवर नकोत." संध्याकाळी हिराताई खाली आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मागायला? आता कुणी आणून दिली तरी ती काडी जगायची नाही."

त्यानंतर एकेक चोर मला जिन्यात गाठून कबुली देऊन गेला. पण उपयोग नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या कादंबरी नावाच्या शेजारणीने नेलेला गुलाब बारामतीला सासूबाईंना दिला होता, तो शेळीने खाल्ला. एकीचा ती माथेरानला गेली असताना वाळला. एकाने फ्लॅट विकला तेव्हा गुलाबही त्यातच गेला, आणि नव्या मालकाने गॅलरीला काचा लावून तिथे व्यायामाची सायकल ठेवली.

मग भीमराव कामाला लागले. बोलले काहीच नाहीत, लांब लेन्स गळ्यात अडकवून रोज सकाळी एकेक गल्ली पालथी घालायला लागले. लोकांच्या गॅलऱ्या, कुंपणं, गच्च्या. एका बाईंनी खिडकीतून त्यांना पाहिलं आणि पोलिसांना बोलावते म्हणाल्या. भीमरावांनी शांतपणे कॅमेऱ्याच्या मागचा पडदा फिरवून त्यांना त्यांच्याच जास्वंदीचा फोटो दाखवला. त्या बाईंनी तो मोठा करून मागवून घेतला आणि आता दिवाणखान्यात लावला आहे.

आषाढात एका सकाळी भीमराव माझ्याकडे आले आणि कॅमेरा पुढे केला. एका बैठ्या घराची भिंत, भिंतीवरून बाहेर झुकलेलं झाड आणि फिकी गुलाबी फुलं. मी कपाटातून पुस्तकं काढून वाळक्या पाकळ्या शेजारी ठेवल्या, आकार ताडून बघितला, भीमरावांचे जुने फोटो लावून बघितले. तेवढ्यात हिराताई आल्या. त्यांनी पाकळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. फोटो बघून म्हणाल्या, "मान बघा त्याची. आईच्या डब्यातही असाच मान खाली घालून उभा असायचा."

पुढच्या फोटोत दारावरची पाटी होती. जयसिंग भोईटे, सेवानिवृत्त पोलीस उपनिरीक्षक. गल्लीत या गृहस्थांचा दरारा होता. दारासमोर गाडी लावणारा माणूस दुसऱ्यांदा तिथे लावत नसे. हिराताई पाटीकडे बघत राहिल्या आणि मग सावकाश म्हणाल्या, "हे तर आम्रपालीच्या पासपोर्टचे हवालदार."

मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला. आपण जाऊ, ओळख सांगू आणि सभ्यपणे एक फांदी मागू. हिराताई माझ्याकडे वळल्या. "सर, हे एकच उरलं आहे. मागून आणलं आणि नाही जगलं, तर आईचं काहीच राहणार नाही माझ्याकडे. मी मागणार नाही."

तेव्हा चोरी ठरली. रविवारी सकाळी भीमराव कोपऱ्यावर उभे राहून तारेवरच्या एका कावळ्याचे फोटो काढत राहिले. म्हणजे पहारा. मी पुस्तकांच्या पिशवीत ओलं फडकं घेऊन हिराताईंच्या मागे. भिंत छातीइतकी उंच होती. उभ्या पुण्यात कात्री फिरवलेल्या या बाईंनी त्या दिवशी दोनदा मागे वळून बघितलं. फांदीपर्यंत हात पोचला आणि घराचं दार उघडलं. पायजमा, बनियन, पांढऱ्या मिशा, एका हातात झारी आणि दुसऱ्या हातात झाडं छाटायची मोठी कात्री. आम्ही होतो तिथेच उभे राहिलो.

"काय पाहिजे?"

हिराताईंनी कात्री पदराआड घेतली. मी घसा साफ करून सुरुवात केली की नमस्कार, आम्हाला आपल्या या गुलाबाची एक... तेवढ्यात हिराताईंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

जयसिंगराव त्यांच्याकडे निरखून बघत होते. "टेलिफोनमधल्या बाई ना तुम्ही? मुलगी परदेशी जाणार होती."

"गेली. तिथेच असते."

"तुमच्याकडचा चहा राहिला होता माझा."

"आता निवला असेल," हिराताई म्हणाल्या.

मिशी जराशी हलली. ते पुढे आले, झारी खाली ठेवली. मग आमच्या डोक्यावरून आभाळाकडे बघत, परेडला हुकूम द्यावा तशा आवाजात म्हणाले, "फांदीबिंदी काही मिळायची नाही. मी कुणाला देत नसतो." हातातली कात्री त्यांनी भिंतीवर ठेवली, अगदी हिराताईंच्या हाताजवळ, आणि वळले. "आत दूध ठेवलंय. उतू जाईल."

दार लागलं. आतून ढोलकीचा कडकडाट सुरू झाला. लावणी, आणि तीही पूर्ण आवाजात. त्या कडक माणसाच्या घरात एवढी लावणी असेल, असं गल्लीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

हिराताई हसत होत्या आणि रडतही होत्या. त्यांनी आपली छोटी कात्री पर्समध्ये टाकली आणि जयसिंगरावांची मोठी उचलली. घाई न करता, फुटवा येणारे डोळे बघून बघून त्यांनी फांद्या घेतल्या. लावणी संपली. आम्ही दचकलो. आतून लगेच दुसरी सुरू झाली. जयसिंगरावांनी मुदत वाढवून दिली होती.

कात्री पुन्हा भिंतीवर ठेवून आम्ही कोपरा गाठला, भीमरावांनी कावळ्याला सोडलं, आणि मागून आवाज आला. उभी गल्ली हादरवणारा, अस्सल चौकीतला. "कुणी मेल्याने माझी फांदी कापली रे."

हिराताई थांबल्या आणि पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, "लागली शिवी. आता धरणार."

धरलं. सगळ्याच काड्यांनी नाही, पण पुरेशांनी. विश्वजीतने स्वतः नवीन कुंडी आणली, खाली ताटली असलेली, आणि ती गच्चीऐवजी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ठेवायची ठरली. जयसिंगराव आपला राहिलेला चहा घ्यायला एकदा आले. आले तेव्हा त्यांना कृष्णकमळ फार आवडलं, हिराताईंनी स्वच्छ नकार दिला, आणि जाताना त्यांचा खिसा जरा फुगलेला दिसत होता.

यंदा वैशाखी पौर्णिमेला मूर्तीपुढे घरचं फूल होतं. एकच, आणि मान खाली. भीमरावांनी त्याला हलू नका म्हणून सांगितलं आणि फोटो काढला. मी खीर खाल्ली, बरोबर आणलेलं पुस्तक काखेत मारलं आणि हात धुवायच्या निमित्ताने गॅलरीत गेलो. झाडाला नवी पालवी होती. मी म्हटलं, छान आलं आहे. हिराताई म्हणाल्या, "नाही हं, मी फांदी देत नाही."

"मी मागितली नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या की दूध उतू जाईल. खीर झाली होती, दूध संपलं होतं, तरी त्या आत गेल्या. भीमरावही कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे गेले. रेडिओ मोठा झाला. कठड्यावर त्यांची छोटी कात्री होती. गाण्याचं पहिलं कडवं मी नुसताच उभा राहून घालवलं. दुसऱ्या कडव्याला फांदी कापली, काखेतल्या त्या जुन्या, फुगलेल्या प्रवासवर्णनात सरकवली आणि कुणाचाही निरोप न घेता जिना उतरलो. मी कुलूप उघडतोय तोवर वरून तो स्वच्छ, ट्रंक कॉलवरचा आवाज आला आणि माझा उद्धार सगळ्या इमारतीने ऐकला. इतकं बरं मला शाळेच्या निरोप समारंभातही वाटलं नव्हतं.

वैशाखात कलम लावू नये, असं माझ्याकडची सगळी पुस्तकं सांगतात. मी ते लावलं. पुस्तकं आता गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वाळतात, आणि जिथे ती पूर्वी वाळायची तिथे कुंडी आहे, बरोबर वरच्या कुंडीच्या खाली. काल तिला दोन पानं फुटली. सकाळी मी चहा घेऊन ती बघत उभा होतो, तेवढ्यात वरून टपटप सुरू झालं. हिराताई वाकल्या आणि म्हणाल्या, "सर, खाली पाणी पडतंय का?"

"पडतंय," मी म्हणालो. "अजून थोडं चालेल."